विसाव्याचे आवतण

कवठेमहांकाळच्या वेशीबाहेर बेदाण्याचे एक भव्य शीतगृह होते. त्याच्या सर्व दालनांत बेदाण्याच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या असत. केवळ कडेच्या एका दालनात पेट्यांऐवजी साऱ्या तालुक्याची स्मृती ठेवलेली असे. त्या दालनाच्या दारावर पाटी होती : ‘खोत होस्टिंग. बेदाणा खाल्लेल्या हातांनी आत येऊ नये.’

हे दालन हणमंत खोत याचे. तालुक्यातील दवाखाने, शाळा, दूध संघ, अडतीची दुकाने, मंगल कार्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालय, या सर्वांची संकेतस्थळे त्याच्याकडे वस्तीला होती. दूरदेशीच्या प्रचंड कंपन्यांपुढे हा व्यवसाय म्हणजे पंगतीतील मिठाएवढा; तथापि त्या मिठाचा हणमंताला मोठा अभिमान होता, आणि तो अनाठायी नव्हता.

कारण त्याच्याकडे एक रीत होती. यंत्रांना विसावा देण्यासाठी दर अवसेला त्याला आपली सेवा दिवसभर बंद ठेवावी लागे. अवसेला गवंडी-सुतार हत्यार खाली ठेवतात, तेव्हा लोकांच्या अंगवळणी पडलेला दिवस म्हणून त्याने तोच निवडला होता. परंतु बंद करण्यापूर्वी तो प्रत्येक ग्राहकाला स्वतःच्या आवाजात आवतण देई. लग्नाचे आवतण जसे उंबऱ्याशी जाऊन तोंडाने द्यावे लागते, निरोपावर भागत नाही, तसेच हे. तो फोन लावून म्हणे, “हणमंत खोत बोलतोय. येत्या अवसेला सायीला विसावा द्यायचा म्हणतो. तुमची काही अडचण?” मग डॉक्टर म्हणत की अवसेला ऑपरेशन करून घ्यायला कोण येतंय, खुशाल बंद करा. ग्रंथपाल म्हणे, इथे चालू असतानाही कोण येतंय. कोणाच्या घरी कार्य असेल तर तो दिवस पुढे सरके. शेवटचा ‘हो’ मिळेपर्यंत हणमंत कळीला हात लावीत नसे.

ही साय म्हणजे काय, ते येथे सांगणे अगत्याचे आहे. पूर्वीचे अवाढव्य सर्व्हर विजेला राक्षसासारखे खात. मग शास्त्रज्ञांनी प्रथिनांची एक पातळ चकती सिद्ध केली. तापवलेल्या दुधावर साय धरावी तशी ती दिसे, म्हणून लोकांनी तिला साय हेच नाव दिले. तिच्यातील प्रत्येक कण प्रकाशाच्या इशाऱ्याने डावीकडे किंवा उजवीकडे दुमडतो, आणि या डाव्या-उजव्या घड्यांतच अक्षरे, चित्रे, आवाज साठवले जातात. ताटलीएवढ्या सायीत अख्खा तालुका मावे, आणि तिला लागणारी वीज एका दिव्याहून फारशी अधिक नसे.

मात्र साय थकते. प्रत्येक वाचनाने कण किंचित शिणतो, आणि शिणलेला कण आपल्या शेजाऱ्याकडे झुकतो. मग जेथे एक अक्षर होते तेथे शेजारचे अक्षर उमटू लागते. यंत्राची तपासणीही शेजारच्या कणांच्याच साक्षीने चालत असल्यामुळे यंत्र सांगते, सर्व काही ठीक आहे. यावर उपाय एकच : सायीला दिवसभर काळोखात, कडक थंडीत, कोणीही न वाचता पडू द्यावे. वेळेत विसावा मिळाला तर झुकलेला कण पुन्हा ताठ होतो. फार उशीर झाला तर झुकलेपण हेच त्याचे स्वरूप होऊन बसते.

‘निरंतर’ नावाच्या मोठ्या कंपनीने यावर युक्ती काढली होती. ती थकल्या सायीची प्रत ताज्या सायीवर उतरवी आणि काम अखंड चालू ठेवी. ‘निरंतर कधी थांबत नाही’ हे तिचे ब्रीद होते. झुकलेली अक्षरे प्रतीतही झुकलेलीच उतरत, आणि प्रतीच्या प्रतीत कायमची ठरत, ही गोष्ट ब्रीदात नव्हती. लोकांना न थांबणे आवडले. हणमंताचे कित्येक ग्राहक तिकडे गेले.

त्यांपैकी एक, बेदाण्याचे अडते मल्लिकार्जुन शेटे, फाल्गुनाच्या एका सकाळी परत आले. मल्लूशेठ देहाने आडवे आणि स्वभावाने गमत्ये. परंतु त्या दिवशी त्यांनी कोणाची थट्टा केली नाही. त्यांनी फोन पुढे धरला. त्यात त्यांच्या दिवंगत आईचा जुना आवाज होता. शिकायला सांगलीला निघालेल्या मुलाला आई सांगत होती, सिद्धू, डबा संपव, उपाशी निजू नको.

“सिद्धू माझा धाकटा भाऊ,” मल्लूशेठ म्हणाले. “त्याचं नाव पुढच्याच वाक्यात हाय. डबा माझा होता. आई मला मल्लू म्हणालेली.”

कंपनीने चौकशी करून कळवले होते की ध्वनिमुद्रणात दोष आढळला नाही. आवाज आपल्या मातोश्रींचाच आहे आणि उच्चारही सुस्पष्ट आहे. मूळ प्रत कोठेच उरली नव्हती.

“आता आईचा आवाज लावला की मी आधी खरं-खोटं तपासतो, अन् मग ऐकतो,” ते म्हणाले. “माझं बाकीचं सगळं तुझ्याकडं घे, हणमंता. थांबलं तर थांबू दे.”

त्यांचे सामान हणमंताने आपल्या सायीवर घेतले. आपण योग्य वाटेवर आहोत याचे समाधान त्याच्या मनात दाटून आले. ते समाधान जेमतेम आठवडाभर टिकले, कारण त्या महिन्याच्या आवतणाला प्रथमच असा नकार आला की ज्याला दुसरा दिवसच नव्हता. नकार देणारी होती त्याची थोरली बहीण, सुवर्णा सूर्यवंशी.

सुवर्णाक्का आगळगावात दिलेली. नवऱ्याच्या पश्चात तिने बेदाणा वाळवणाऱ्या शेडांसाठी ‘पदर’ नावाची सेवा उभारली होती. द्राक्षे जाळीच्या मांडण्यांवर वाळत असताना अवकाळी पावसाची एक सर आली तरी बेदाणा काळा पडतो. सरकारी अंदाज तालुक्यापुरता असे; सुवर्णाचा अंदाज शेडापुरता. प्रत्येक शेडावर तिने ओल मोजणारी लहान यंत्रे बसवली होती. ओल वाढली की ‘पदर’ नेमक्या त्याच शेडाच्या मोटारींना आज्ञा देई आणि ताडपत्र्या आपोआप खाली उतरत. ही सारी व्यवस्था हणमंताच्या सायीवर चाले.

हणमंताने नेहमीप्रमाणे सर्वांना फोन केले होते. आक्काला मात्र त्याने पत्नी मनीषाकरवी निरोप धाडला होता. उलट निरोप आला : हंगाम संपेपर्यंत नाही.

त्याने स्वतः फोन केला तेव्हा आक्का शांतपणे म्हणाली की तुझा निरोप पोचला, माझाही पोचला असेल. एवढे बोलून तिने फोन ठेवला.

अवस आली आणि गेली. साय विसावली नाही. हणमंताने रीत मोडली नाही, पण त्याच्या जेवणावरची वासना उडाली. सायीची पारख करण्यासाठी त्याने तिच्यावर एक ठरावीक मजकूर ठेवलेला असे. तालुक्यातील गावांची ती यादी त्याला मुखोद्गत होती, आणि दररोज सकाळी तो ती वाचून पाही. एका सकाळी आगळगावानंतर, आरेवाडीच्या जागी, पुन्हा आगळगावच उमटले. एक गाव शेजारच्या गावाने गिळले होते. यंत्राच्या पडद्यावर हिरवी खूण होती : सर्व काही ठीक.

सायीच्या पुण्याच्या पुरवठादाराला विचारले असता तो हसला. करारात कलम आहे, सेवा केव्हाही बंद करण्याचा अधिकार तुमचाच आहे, एका बाईसाठी काय थांबता, असे त्याने सुनावले. तेवढी एक सेवा दुसरीकडे हलवावी म्हटले, तर थकलेल्या सायीची प्रत काढणे म्हणजे मल्लूशेठच्या आईचेच पुन्हा घडवून आणणे होते.

जेवताना त्याने हे मनीषाला सांगितले.

“करारात दूध संघाला फोन करा असंही लिहिलेलं न्हाई,” मनीषा म्हणाली. “तरी करताच की.”

“म्हणून तर कळ दाबवत न्हाई.”

“एक विचारू? शेवटचा विसावा दिला त्या अवसेला तुम्ही आक्कांना फोन केलेला?”

“आक्काला कशाला फोन? ती घरचीच हाय.”

“म्हणजे न्हाई केला. अन् ह्या खेपेला माझ्या हातनं निरोप.” मनीषाने त्याच्या ताटात भाकरी वाढली. “लग्नाचं आवतण साऱ्या गावाला जातंय, अन् घरच्यांना कुणी देत न्हाई. मग ऐन मांडवात घरचीच रुसून बसत्यात. पुरुषांना वाटतंय, बाईचा स्वभाव.”

हणमंताचा घास हातातच राहिला. त्याच अवसेला आगळगावच्या दोन शेडांवर पाऊस पडून माल भिजला, हे त्याच्या कानी आले होते. ती निसर्गाची करणी समजून तो हळहळलाही होता. त्या करणीत आपला वाटा आहे, हा विचार त्याच्या मनाला तोवर शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघे आगळगावला गेले. सुवर्णाक्का मांडणीखाली बायकांबरोबर बेदाणा निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. एका म्हातारीने मात्र पदराआड हसत म्हटले, “सुवर्णा, माहेरचं माणूस आलंय बाई. यंत्र बंद पडलं वाटतं.”

हणमंत मातीत बसला. आक्काने निवडण्याचे थांबवले नाही, परंतु ती बोलू लागली.

“ग्रंथालयाच्या वेबसाइटवर वर्षात चार माणसं येत असतील, त्याला तू विचारतोस. इथं ह्या बायकांच्या सालभराच्या कष्टाचं वाळतंय. मला कुणी विचारलं? त्या दिवशी ढग आला, तवा मोटारी आज्ञेची वाट बघत उभ्या, अन् आम्ही मोटारींची. पाणी मांडणीवर पडाय लागलं तवा कळलं, की आज अवस हाय.”

“आक्का, मला वाटलं, तुझं-माझं काय वेगळं…”

“वेगळं न्हाई म्हणूनच माझा ‘हो’ तू परस्पर म्हणून टाकलास.”

हणमंत उठला. मनीषाही उठून त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याने टोपी सारखी केली आणि आवतण देणारा माणूस उंबऱ्याशी उभा राहतो तसा उभा राहून म्हणाला, “सुवर्णाबाई सूर्यवंशी, मी खोत होस्टिंगचा हणमंत खोत. तुमची सेवा माझ्या सायीवर चालती. सायीला दिवसभर विसावा द्यायचा हाय. तुमची काही अडचण?”

आक्काचे हात थांबले.

“अन् मी न्हाई म्हटलं तर?”

“तर बंद करणार न्हाई.”

“साय नासली तरी?”

“आरेवाडी गेलीच हाय. उद्या आणखी काय जाईल ते जाईल. मग मी सगळ्यांच्या दारात जाऊन सांगीन की तुमचं मी सांभाळू शकलो न्हाई. पण तुझ्या ‘हो’शिवाय हात लावणार न्हाई. धाक म्हणून सांगत न्हाई, आक्का. विचारायला आलोय.”

“आरेवाडी गेली म्हणजे?”

त्याने आपल्या फोनवर ती यादी दाखवली. आक्काने ती बोट फिरवत वाचली, पुन्हा वाचली. तिची बुद्धी प्रथमपासून तीक्ष्ण. आरेवाडीची शेडेही ‘पदरा’खाली होती.

“म्हणजे ढग आरेवाडीवर आला, तर आज्ञा आगळगावला जाईल?”

“जाईल. अन् यंत्र म्हणंल, सगळं बरोबर हाय.”

आक्काने हातातील बेदाणे पाटीत सोडले. तिच्या चेहऱ्यावरचा ताठरपणा गेला नव्हता, मात्र आता तो भावासाठी नव्हता. समोरच्या कामासाठी होता.

“दे विसावा,” ती म्हणाली. “पण निजंल ती साय. पदर निजायचा न्हाई. तुझी साय उठंस्तवर प्रत्येक शेडावर आभाळाकडं बघणारा माणूस पायजे, अन् दोरी धरणारा पायजे. ती माणसं तू आणायचीस.”

हणमंताने मान लववली. इतके रास्त मागणे त्याच्याकडे आजवर कोणीच मागितले नव्हते, असे त्याला वाटले.

त्या आठवड्यात त्याने सर्व ग्राहकांना दुसऱ्यांदा फोन केले. या वेळी प्रश्न दोन होते : अडचण आहे काय, आणि माणूस द्याल काय. त्याला धाकधूक होती की लोक म्हणतील, संकेतस्थळाचे आम्ही देणे लागतो, पावसाचे नव्हे. तसे कोणी म्हटले नाही. वर्षानुवर्षे ज्याने प्रत्येक वेळी ‘तुमची काही अडचण?’ असे विचारले, त्याची अडचण ऐकून घेणे लोकांना जड गेले नाही. डॉक्टरांनी कंपाउंडर दिला, दूध संघाने गाडीवाले दिले. मंगल कार्यालयाच्या मालकाने आपले सर्व वाढपी पाठवून देताना बजावले की यांना ताडपत्रीचा अनुभव कोणाहूनही जास्त आहे. मल्लूशेठ म्हणाले की मी गिरलिंगाच्या डोंगरावर बसतो, तिथून साऱ्या मुलखाचे आभाळ दिसते.

“चढवंल का, शेठ?” हणमंताने विचारले.

“उतरताना गडगडत येतो. वेळ वाचंल.”

ठरलेल्या दिवशी सकाळी हणमंताने दालनातील दिवा मालवला. संकेतस्थळे एकामागून एक निजली. पडद्यावरची ती हिरवी खूणही गेली. थंडी वाढवून त्याने जाड दार लावून घेतले आणि क्षणभर त्या दाराला तळहात टेकवून उभा राहिला. मग मनीषाला मागे बसवून तो मोटरसायकलवरून आरेवाडीकडे निघाला, कारण जे गाव आपल्या हाताखाली हरवले, तेथेच आज आपण दोरी धरावी असे त्याने ठरवले होते.

दुपारपर्यंत ऊन असे तळपत होते की वाढपी मंडळी सावलीत बसून फुकटच्या वनभोजनाच्या गप्पा मारू लागली. सुवर्णाक्का मात्र आगळगावच्या पाण्याच्या टाकीवर उभी होती. साऱ्या शेडांचे फोन तिच्याकडे जुळलेले होते.

जेवणे आटोपली आणि वारा पडला. पाने हलेनाशी झाली. मग डोंगरावरून मल्लूशेठचा फोन आला. त्यांच्या बोलण्यात थट्टेचा लवलेश नव्हता. काळे आभाळ उठले आहे, वेगाने येत आहे, आणि आगळगाव सोडून आरेवाडीवर उतरणार असे दिसते, एवढेच त्यांनी सांगितले. आक्काने घटकाभरही विचार केला नाही. तिने आगळगावची निम्मी माणसे दूध संघाच्या गाड्यांत घालून आरेवाडीला पिटाळली आणि हणमंताला सांगितले, “तुझ्याकडं येतंय. ओढ.”

वाऱ्याने एकाएकी धूळ उठवली. फोनवरचे ऐकू येईना. हणमंत या शेडाकडून त्या शेडाकडे धावत ओरडू लागला : वाऱ्याची बाजू आधी, वरची दोरी सैल, खालची घट्ट. मोटारीने उतरायच्या ताडपत्र्या हाताने ओढताना तळव्यांची सालटी निघाली. कंपाउंडर, गाडीवाले आणि निवडणाऱ्या बायका एकाच दोरीला लोंबकळल्या. वाढप्यांनी मांडवाच्या गाठी अशा काही मारल्या की वाऱ्याने शेडे हालली, ताडपत्री हालली नाही. शेवटच्या शेडाची गाठ बसते न बसते तोच गारांचा मारा सुरू झाला. सारे जण ओणवे होऊन मांडणीखाली शिरले. डोक्यावर गारा तडतडत होत्या आणि नाकाशी कोरड्या बेदाण्याचा गोड वास होता.

पाऊस गेल्यावर ताडपत्र्या उचलून पाहिल्या. आरेवाडीचा माल कोरडा होता. हणमंताने आक्काला फोन लावला आणि बोलू गेला, तेव्हा त्याच्या गळ्यातून वाऱ्याशिवाय काही निघेना. ओरडून ओरडून त्याचा आवाज पुरता बसला होता. फोन मनीषाने घेतला आणि वार्ता कळवली.

दिवस मावळताना सारे शीतगृहाशी जमले. आता एकच गोष्ट उरली होती, आणि तिच्यापुढे दिवसभराचे कष्ट काहीच नव्हते. विसावा उशिरा मिळाला होता. झुकलेले कण ताठ झाले असतील की नाही, हे कोणत्याही हिरव्या खुणेला ठाऊक नव्हते. हणमंताने दार उघडले. साय सावकाश उबेला आली. त्याने गावांची यादी पडद्यावर घेतली. सुवर्णाक्का त्याच्या खांद्याशी उभी होती. त्याला वाचून दाखवता येईना, म्हणून तीच मोठ्याने वाचू लागली. एकेक गाव येत होते. आगळगाव आले. तिने श्वास घेतला.

“आरेवाडी,” तिने वाचले.

दारात उभ्या असलेल्या मल्लूशेठनी डोळ्यांवरून उपरणे फिरवले. ज्यांचे हरवलेले परत आले होते त्यांच्यात ते स्वतः नव्हते, आईच्या तोंडचे ‘मल्लू’ गेले ते गेलेच होते, आणि तरीही त्यांचा चेहरा उजळला होता. यादी संपली. एकही गाव दुसऱ्याच्या जागेवर नव्हते. वाढप्यांपैकी कोणीतरी शीळ घातली.

हणमंताने भिंतीला पाठ टेकली. एवढ्याशा दालनात आपण जे राखले आहे ते अखंड नाही, ते थांबते, आणि थांबते म्हणूनच ते खरे राहते, या जाणिवेने त्याची छाती भरून आली. परंतु रीत अजून पुरी झाली नव्हती. विसावा संपला की प्रत्येकाला फोन करून कळवावे लागे : उठली हो साय, लागा कामाला. त्याने फोन उचलला, तोंड उघडले आणि हताशपणे गळ्याकडे बोट दाखवले.

सुवर्णाक्काने तो फोन त्याच्या हातून काढून घेतला. तिने ओल्या पदराने फोनवरची धूळ पुसली, खुर्ची ओढली आणि पहिला क्रमांक लावला.

“डॉक्टर, खोत होस्टिंगमधनं बोलते. साय उठली. तुमचं सगळं जिथल्या तिथं हाय.” पलीकडून काही तरी विचारले गेले. ती जराशी हसली. “मी? हणमंताची थोरली बहीण. अन् त्याचं गिऱ्हाईक.” पलीकडून पुन्हा काही विचारणा झाली, आणि या वेळी तिने हणमंताकडे पाहिले. “व्हय, माझंच अडलेलं. न्हाई म्हटलेलं मीच.”

“मग त्यानं दारात येऊन विचारलं,” ती म्हणाली आणि तिने पुढचा क्रमांक लावला.